फळी कोणी उचलायची?

पुण्या-नाशिकच्या कुठल्याही जुन्या वस्तीत सकाळी आठच्या सुमारास फिरून पाहावं. दारादारांतून स्कूटर बाहेर पडत असतात आणि जवळजवळ प्रत्येक दारापाशी त्यांच्यासाठी काही ना काही सोय केलेली असते. कुठे पायरीच्या एका अंगाला सिमेंटचा हातभर रुंद उतार काढलेला, कुठे गटारावर जाड चेकर्ड पत्रा टाकलेला, कुठे भिंतीला टेकवून ठेवलेली, गाडी काढण्यापुरती लावायची लाकडी फळी. या सोयीसाठी कुणी अर्ज केलेला नसतो, नकाशा मंजूर करून घेतलेला नसतो, सोसायटीच्या वार्षिक सभेत ठराव मांडलेला नसतो. घरात गाडी आली की तिच्या चाकांना वाट लागणार, हे न सांगता कळतं. किराणा दुकानदाराला हातगाडीपुरतं कळतं, टेम्पोवाल्याला फ्रिज चढवताना कळतं, मंगल कार्यालयाच्या मागच्या दाराने भाताची पातेली ढकलत नेणाऱ्या केटररला तर फारच चांगलं कळतं. त्याच कार्यालयाच्या पुढच्या दाराला पाच पायऱ्या असतात, आणि नवरा-नवरी जिथे उभी राहतात त्या स्टेजला आणखी चार.

चाकं माणसाच्या खुर्चीला असली की हे शहाणपण कुठे जातं कोण जाणे. तिथे एकदम इमारतीचं एलिव्हेशन बिघडतं, पार्किंगची जागा जाते, बांधकामाची परवानगी आठवते. आणि हे सगळं बोलून झालं की अत्यंत प्रेमाने एक वाक्य येतं: "काळजी कशाला करता काका, चार पोरं आहेत की, उचलू तुम्हाला!"

या वाक्याचा मला राग येतो असं म्हटलं तर ते बोलणाऱ्यांवर अन्याय होईल. ती पोरं खरंच धावून येतात, घाम गाळतात, पाहुण्याला पंगतीपर्यंत पोचवतात. पण उचलण्याची गोष्ट नीट पाहायला हवी. घडीच्या व्हीलचेअरचे हात आणि पाय ठेवायच्या पट्ट्या बऱ्याचदा काढता-घालता येण्याजोग्या असतात. नेमके तेच हाताशी येतात म्हणून लोक तेच धरतात आणि पायरीच्या मध्यावर ते सुटून हातात येतात. बॅटरीवर चालणारी खुर्ची तर माणसासकट दीडशे किलोच्या पुढे सहज जाते, ती चौघांनी उचलायची म्हणजे चौघांच्याही कंबरेशी खेळ. हा झाला शरीराचा भाग. त्याहून जास्त खटकणारी गोष्ट अशी की उचलून आणलेल्या माणसाला उठून जाता येत नाही. कार्यक्रम रटाळ झाला, लघवीला लागली, कुणाशी वाजलं, नुसता कंटाळा आला, तरी ती चार पोरं पुन्हा गोळा होईपर्यंत तो तिथेच. बाकीचे पाहुणे आपल्या पायांनी येतात आणि आपल्या मर्जीने निघतात. याचं येणं-जाणं मात्र दुसऱ्यांच्या मोकळ्या वेळावर ठरतं.

2023 च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत विराली मोदी यांच्या लग्नाची नोंदणी झाली तेव्हा ही गोष्ट साऱ्या देशाने वाचली. खारचं विवाह नोंदणी कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि व्हीलचेअर वापरणाऱ्या नवरीला उचलून वर न्यावं लागलं. दुसऱ्या मजल्याला फळी लावता येत नाही, हे उघड आहे. म्हणून हा लेख त्या मजल्याविषयी नाही. तो त्या एका-दोन पायऱ्यांविषयी आहे ज्यांना फळी लावता येते आणि तरीही लावली जात नाही. दवाखान्याच्या दाराशी, औषधाच्या दुकानाशी, बँकेच्या एटीएमशी, सोसायटीच्या लिफ्टच्या अलीकडे असलेली ती सात इंचांची पायरी. लिफ्ट असूनही तिच्यापर्यंत पोचायला तीन पायऱ्या, हा तर आपल्याकडच्या इमारतींचा लाडका प्रकार आहे.

घरच्या घरी, किंवा कोपऱ्यावरच्या सुताराकडून, फॅब्रिकेटरकडून असा हलवता येणारा रॅम्प बनवून घेता येतो. तो कसा बनवायचा याला महत्त्व आहेच, कारण वाईट रॅम्प हा पायरीपेक्षा जास्त धोक्याचा असतो. पण माझं मुख्य भांडण बनवण्याच्या पुढचं आहे. बनलेली फळी ठेवायची कुठे? आज ती बहुतेक वेळा व्हीलचेअरवाल्या माणसाच्या गाडीच्या डिकीत असते. त्याने खुर्ची सांभाळायची, औषधं सांभाळायची आणि वर जगातल्या पायऱ्यांचा इलाजही स्वतःच वागवायचा. पायरी ज्याची आहे, फळी त्याच्याकडे असली पाहिजे, एवढं साधं माझं म्हणणं आहे. दुकानाचं शटर ओढायची आकडी गिऱ्हाईक घरून आणत नाही.

आधी फळीविषयी बोलू.

सगळ्याचं मूळ उतारात आहे. जगभरात मान्य झालेलं प्रमाण 1:12, म्हणजे एक इंच उंची चढायला बारा इंच लांबी. माणूस 65 किलोचा आणि खुर्ची 18 किलोची धरली तर 1:12 च्या चढावर मागून ढकलणाऱ्याला साधारण 7 किलोचा भार पेलल्याइतका जोर सतत लावावा लागतो. 1:6 केला की तो 14 किलोच्या घरात जातो. स्कूटरसाठी काढलेले आपले सिमेंटचे उतार अनेकदा 1:3 च्या आसपास असतात, तिथे हा आकडा 26 किलोवर पोचतो. स्कूटरला इंजिन असतं, आणि तरीही ती चढवताना आपण थोडी रेस देतो. सत्तरीच्या नवऱ्याला ढकलणाऱ्या पासष्टीच्या बायकोकडे रेस द्यायला काही नसतं. शिवाय जोराचा प्रश्न सुटला तरी तोल उरतो. चढ तीव्र झाला की बसलेल्या माणसाचं वजन मागच्या चाकांच्याही मागे सरकू लागतं आणि खुर्ची उताणी होते. उतरताना पायथ्याशी पाय ठेवायची पट्टी जमिनीत रुतते, कारण ती जमिनीपासून जेमतेम दोन-तीन इंच वर असते. थोडा तीव्र उतार उतरायची वेळ आलीच तर ढकलणाऱ्याने खाली उभं राहून खुर्ची पाठमोरी, हळूहळू उतरवावी. समोर तोंड करून सोडली तर बसलेला माणूस पुढे घसरतो. हे घरोघरी माहीत असायला हवं, पण खुर्ची विकणारा दुकानदार हे सांगत बसत नाही.

आता लांबी मोजा. सहा इंचांच्या एका पायरीला सहा फुटांची फळी लागते. अठरा मिलिमीटरचा प्लाय, अडीच फूट रुंद: नुसत्या फळीचंच वजन 16 किलोच्या आसपास. खाली आधाराच्या पट्ट्या, कडेला चाक घसरू नये म्हणून दोन इंच उंचीची कड, वरच्या टोकाला पत्र्याची जीभ, हे सगळं धरून वीस-बावीस किलो. मधोमध लांब बिजागरी बसवून घडी केली, वर पिशवीसारखी मूठ लावली, तर धडधाकट माणूस एका हाताने नेऊ शकतो. पायऱ्या दोन असतील, सात-सात इंचांच्या, तर मात्र चौदा फूट लागतात. आठ फुटांचा प्लायचा ताव तिथे संपतो, वजन पन्नास किलोकडे जातं आणि हलवता येणारा रॅम्प हलवता येईनासा होतो. घरगुती फळीची हद्द ही अशी आहे. एक पायरी उत्तम, दोन पायऱ्या ओढूनताणून, तिसऱ्या पायरीला तिचं नाव काढू नये. चौथ्या पायरीला आठ फुटांची फळी लावून देणारा कारागीर भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवावा.

फळी मधोमध का वाकते याचंही एक साधं गणित आहे. तेवढ्याच जाडीची फळी दुप्पट अंतरावर टेकवली तर त्याच वजनाखाली ती दुप्पट नव्हे, आठपट वाकते. म्हणून तीन फुटांच्या फळीवर आपण उभे राहिलो आणि ती हलली नाही, यावरून सहा फुटांचा अंदाज बांधता येत नाही. उलट बाजूने हेच गणित आपल्या उपयोगाला येतं. आधाराच्या पट्टीची उंची दुप्पट केली की तिचा ताठपणा आठपट होतो. त्यामुळे प्लाय जाड करत बसण्यापेक्षा खाली लांबीच्या दिशेने दोन-तीन पट्ट्या उभ्या, म्हणजे रुंद बाजू खाली न करता कडेवर बसवल्या, तर कमी वजनात जास्त काम होतं. जुन्या सुतारांना हे पुस्तकाशिवाय ठाऊक असतं, कारण घराची तुळई ते कधी आडवी घालत नाहीत.

पण मला विचाराल तर घरगुती रॅम्प मोडून झालेल्या अपघातांपेक्षा जास्त भीती सरकून होणाऱ्या अपघातांची वाटते. पुढची चाकं फळीवर चढली की फळी मागे रेटली जाते. वरचं टोक पायरीवर नुसतं टेकवलेलं असेल तर ते निसटतं, आणि खुर्ची माणसासकट पायरी आणि फळी यांच्या मधल्या फटीत पडते. म्हणून वरच्या टोकाला खिट्टी किंवा आकडा हवाच, जो चौकटीत किंवा पायरीत केलेल्या भोकात अडकेल. खालच्या टोकाला रबराची पट्टी. पृष्ठभागावर ऑइलपेंट ओला असताना चाळलेली वाळू भुरभुरवून वर दुसरा हात दिला की चांगली पकड येते. दुकानात मिळणारी खरखरीत टेपही चालते, मात्र पहिल्याच पावसाळ्यात तिच्या कडा सुटतात. काही घरांत फळीवर काथ्याचं पायपुसणं अंथरलेलं असतं. ते ताबडतोब काढावं, चाकाखाली गोळा होणारं पायपुसणं म्हणजे लावलेला सापळा. कोकणात आणि घाटमाथ्यावर जिथे चार महिने भिंतींना ओल असते, तिथे मरीन प्लायसुद्धा कडांनी फुगतो. तिथे अॅल्युमिनियमचा चेकर्ड पत्रा आणि चॅनेल महाग पडले तरी परवडतात. लोखंड स्वस्त आणि मजबूत, पण ते गंजतं आणि इतकं जड असतं की दोन आठवड्यांत फळी उचलणं बंद होतं आणि ती कोपऱ्यात उभी राहते.

हे 1:12 आलं कुठून? अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात टिमथी न्यूजंट यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर अपंग विद्यार्थ्यांसाठी शिक्षणाचा कार्यक्रम उभा केला. तिथल्या अभ्यासातून 1961 साली इमारती सर्वांना वापरता याव्यात यासाठीचं पहिलं अमेरिकन राष्ट्रीय मानक निघालं. जेमतेम सहा पानांचं. त्यात रॅम्पसाठी हेच प्रमाण होतं, आणि भारताच्या आजच्या मार्गदर्शक तत्त्वांतही कमी उंचीसाठी तेच आहे. त्या अभ्यासामागे विद्यापीठात शिकणारी तरुण माणसं होती, त्यांचे दंड कसलेले होते. आपल्याकडच्या आजोबांना तो उतारही चढच वाटेल. तरीही या आकड्यापुढे हात जोडून उभं राहण्याची सवय मला मान्य नाही. खुद्द अमेरिकेच्या कायद्यात जुन्या इमारतींत जागाच नसेल तर सहा इंचांपर्यंतच्या उंचीला 1:10 आणि तीन इंचांपर्यंत 1:8 चालवून घेतलेलं आहे. म्हणजे आकडा पवित्र नाही, पण त्याला सोडण्याची किंमत ठरलेली आहे: जितकी उंची कमी, तितकी सवलत जास्त. आपल्याकडे याच्या बरोबर उलट घडतं. जितक्या पायऱ्या जास्त तितका रॅम्प तीव्र, कारण जागा तेवढीच असते. कागदावर 'रॅम्प आहे' या रकान्यात टिक करण्यासाठी काढलेले शाळांचे कितीतरी रॅम्प मुलांना घसरगुंडी म्हणून आवडतात, ते याच कारणाने.

जुन्या गावांचा प्रश्न तर निराळाच आहे. आपल्या घरांना जोतं असतं. पावसाचं पाणी, चिखल, सरपटणारे प्राणी यांच्यापासून वाचायला ते उंच ठेवलेलं असतं, आणि त्यात चूक काहीच नाही. वाईच्या, पैठणच्या, मडगावच्या किंवा पुण्यातल्या पेठांतल्या बोळात दोन फूट जोत्याच्या घराला 1:12 चा रॅम्प काढायचा तर तो चोवीस फूट लांब होईल आणि समोरच्याच्या ओट्यावर जाऊन आदळेल. दुकानाच्या एका पायरीला कायमचा सहा फुटी उतार काढला तरी तो पदपथ अडवतो, आणि मग आंधळा माणूस त्यावर अडखळतो. एका अपंगाची सोय दुसऱ्याच्या वाटेत येते. अशा ठिकाणी हलवता येणारी फळी म्हणजे पक्क्या रॅम्पची गरीब बहीण, असं मी मानत नाही. रस्ता दोन मिनिटांसाठी वापरून पुन्हा मोकळा करणारी दुसरी कुठली सोय तिथे बसतच नाही. 'कायमस्वरूपी' या शब्दाला आपल्या सार्वजनिक बोलण्यात फार मान आहे, पण बोळांना तो मानवत नाही.

इथे दिव्यांगांच्या चळवळीतली माणसं हटकतील, आणि त्यांचा मुद्दा हलका नाही. तात्पुरत्याचा इतिहास आपल्याकडे वाईट आहे. 2001 च्या जानेवारीत व्हीलचेअर वापरणारे शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग भारतात आले. दिल्लीतल्या ऐतिहासिक वास्तू त्यांना पाहायच्या होत्या, आणि जावेद आबिदी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या पाठपुराव्यामुळे कुतुबमिनारसारख्या ठिकाणी घाईघाईने लाकडी रॅम्प टाकले गेले. जे कित्येक वर्षं अशक्य म्हणून सांगितलं जात होतं ते थोड्या लाकडात झालं. थोर पाहुण्यासाठी झालं, हे त्यातलं कडू. मतदानाच्या दिवशीही असंच होतं. निवडणूक आयोगाच्या आदेशामुळे शाळेच्या पायरीला फळी येते, खुर्ची येते, मदतीला स्वयंसेवक येतात. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत तर 85 वर्षांवरच्या आणि 40 टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मतदारांना घरून मत देण्याची सोय झाली. दुसऱ्या दिवशी त्याच शाळेत पालकसभा असेल तर फळी असेलच याची हमी नाही. मतदार म्हणून ज्याच्यासाठी वाट काढली, पालक म्हणून तोच पायरीशी थांबतो.

कायदा या बाबतीत मुका नाही. 1995 च्या कायद्यात सार्वजनिक इमारतींना रॅम्प असावेत असं होतं, पण 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' अशी पळवाटही होती. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ती बुजवली. त्यातली 'सार्वजनिक इमारत' सरकारी असो वा खासगी, लोकांचा वावर असला की झालं, म्हणजे दुकान आलं, कार्यालय आलं, नाट्यगृह आलं. अस्तित्वात असलेल्या इमारती नियम जाहीर झाल्यापासून पाच वर्षांत वापरण्याजोग्या करायच्या होत्या. नियम जून 2017 मध्ये आले, मुदत 2022 मध्ये उलटली. आणि 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने दाखवून दिलं की मुळात त्या नियमांतला पंधरावा नियमच कायद्याशी विसंगत आहे. कायदा सक्ती सांगतो आणि नियम नुसत्या शिफारसी करतो. किमान काय असलंच पाहिजे ते वेगळं काढून बंधनकारक करा, असा आदेश केंद्र सरकारला मिळाला. त्याच प्रकरणात हैदराबादच्या नाल्सार विद्यापीठातल्या अपंगत्व अभ्यास केंद्राने देशभरची पाहणी करून न्यायालयाला अहवाल दिला होता. ही याचिका 2005 ची. एकोणीस वर्षांनी न्यायालयाने मान्य केलं की 'करावे' आणि 'करावेच' यांत फरक असतो. पायरीशी थांबलेल्या माणसाला तो आधीपासून माहीत होता.

म्हणून फळीचा पुरस्कार करताना मला सांभाळून बोलावं लागतं. ज्या सरकारी कार्यालयाच्या आवारात पक्क्या रॅम्पला भरपूर जागा आहे, तिथे 'आमच्याकडे पोर्टेबल रॅम्प आहे' हे उत्तर चालवून घेऊ नये. तो रॅम्प स्टोअररूममध्ये असतो, किल्ली शिपायाकडे असते आणि शिपाई जेवायला गेलेला असतो. अशा ठिकाणी फळी ही टाळाटाळीची वस्तू होते. तरीही, पक्का रॅम्प होईपर्यंत फळीही नको असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. लढा चालू असताना दवाखान्यात जावं लागतंच. डायलिसिसला दर आठवड्याला जाणारा माणूस तत्त्वासाठी दोन वर्षं पायरीखाली थांबू शकत नाही. आणि फळीमुळे मागणी बोथट होते, हेही मला तितकंसं पटत नाही. माझा अनुभव उलटा आहे. आमच्या ओळखीच्या एका सोसायटीत 'खर्च फार, जागा नाही' म्हणून ठराव वर्षानुवर्षं पुढे ढकलला जात होता. एका सभासदाने लिफ्टच्या पायरीला स्वखर्चाने फळी लावली. महिनाभरात तिच्यावरून बाबागाड्या, पाण्याचे जार, गॅस सिलिंडर, प्रवासाच्या बॅगा जाऊ लागल्या आणि एक दिवस फळी दुरुस्तीला नेली तेव्हा कधी नव्हे ते चौथ्या मजल्यावरचे लोक तक्रार घेऊन आले. पुढच्या सभेत पक्क्या रॅम्पचा ठराव मांडणारा माणूस व्हीलचेअरवाला नव्हता.

कॅनडातल्या टोरांटोत स्टॉपगॅप नावाच्या संस्थेने हेच शहराच्या पातळीवर केलं. तिचे संस्थापक लूक अँडरसन स्वतः अभियंते. सायकलच्या अपघातानंतर ते खुर्ची वापरू लागले. दुकानांच्या एका पायरीसाठी प्लायवूडचे साधे रॅम्प, देणगीतलं सामान, स्वयंसेवकांचे हात, आणि रंग असे भडक की रस्त्याच्या पलीकडून दिसावेत. मला त्या प्रकल्पातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट लाकडाची किंवा रंगाची वाटत नाही. रॅम्प खुर्चीवाल्याला दिला गेला नाही, दुकानदाराला दिला गेला. सकाळी दुकान उघडताना पाटी बाहेर मांडली जाते तशी फळीही मांडायची, किंवा घंटी वाजली की आणायची. जर्मनीत हानाऊ गावच्या रिटा एबेल या आजींनी तर दान मिळालेले लेगोचे ठोकळे चिकटवून दुकानांच्या दारांसाठी रंगीत रॅम्प केले. त्याही खुर्ची वापरतात. 2020 मध्ये त्यांच्या बातम्या जगभर झाल्या आणि सगळीकडे लोक 'किती गोड' म्हणाले.

या 'किती गोड'शी माझं जुनं वैर आहे. मराठी वाचकाने नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन वाचलं, अपंगांसाठीच्या त्यांच्या कोल्हापूरच्या कामाला मनापासून दाद दिली, आणि ती योग्यच होती. पण आपली दाद जिद्दीला मिळते आणि तिथेच थांबते. माणूस अडथळा कसा पार करतो ते आपण डोळे पुसत वाचतो. अडथळा कुणी ठेवला, तो अजून का आहे, हे विचारायला गेलं की विषय रुक्ष होतो. सरकारी शिबिरांत व्हीलचेअर आणि तीनचाकी वाटल्या जातात, फोटो येतात. फोटोत खुर्ची असते, ती ज्या घरी जाणार त्या घराचा उंबरठा नसतो. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 29 लाखांहून जास्त अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. खुब्याचं हाड मोडून खुर्चीत बसलेली आजी त्यांत बहुधा धरलेली नसते, कारण ती स्वतःला अपंग म्हणवत नाही. ती म्हणते, "आता बाहेर जाऊन काय करायचंय?" पायरीला शरण गेल्यावर माणूस असंच बोलू लागतो, आणि घरातले त्याला वैराग्य समजतात.

मग करायचं काय? महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नाचा 5 टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करावा असा शासनाचा दंडक आहे. तो पैसा बऱ्याच ठिकाणी वर्षअखेरीला घाईने वाटला जातो. त्यातला थोडा भाग गावच्याच सुताराला आणि वेल्डिंगवाल्याला द्यावा. प्रत्येक गावात एक माणूस असा तयार करावा की जो टेप घेऊन दवाखाना, रेशन दुकान, पोस्ट, देऊळ, ग्रामपंचायत यांच्या पायऱ्या मोजेल आणि त्या त्या पायरीच्या मापाची फळी करून देईल. तयार माप सगळ्यांना बसत नाही, पायऱ्या सगळ्या सारख्या नसतात, आणि म्हणूनच हे काम कारखान्यापेक्षा कोपऱ्यावरच्या कारागिराचं आहे. फळी त्या जागेच्या मालमत्तेत नोंदवावी, टेबल-खुर्च्यांसारखी. हरवली तर जबाबदार कोण, तेही लिहावं. दाराजवळ, बसलेल्या माणसाच्या हाताला येईल अशा उंचीवर एक घंटी आणि फळी आणणाऱ्याचा फोन नंबर. पायरी चढून गेल्यावर काउंटरवर ठेवलेल्या घंटीचा उपयोग काय!

देवळांचं वेगळं बोलायला हवं, पण थोडक्यात सांगतो. पालखी निघते तेव्हा तिच्या भोयांना जपून पावलं टाकता यावीत म्हणून वाट झाडली जाते, खड्डे बुजवले जातात. खुर्चीच्या वाटेत मात्र आधी नियम आठवतो: चप्पल-बूट बाहेर ठेवायचे तर व्हीलचेअरच्या चाकांचं काय, हा प्रश्न विचारला की विश्वस्त गोंधळतात. चाकं पुसायला ओलं फडकं ठेवलं तर वाद मिटतो. फळी आणि फडकं एकाच खुंटीवर टांगून ठेवता येतं.

आणि चळवळीच्या शंकेवर माझ्याकडे एक तोडगा आहे, तो कितपत चालेल ते चालवून पाहिल्याशिवाय कळणार नाही. सार्वजनिक इमारतीत ठेवलेल्या प्रत्येक हलवत्या रॅम्पवर, वरच्या बाजूला, ठळक रंगात दोन गोष्टी रंगवाव्यात. एक, तो पहिल्यांदा कधी लावला ती तारीख. दुसरी, तिथे पक्का रॅम्प शक्य आहे की नाही याचा गावच्या अभियंत्याने दिलेला निर्णय. बोळातलं दुकान असेल तर 'शक्य नाही' असं लिहावं, आणि मग ती फळी तिथे सन्मानाने वर्षानुवर्षं राहावी, दर दोन पावसाळ्यांनी रंगवून घ्यावी. तहसील कचेरीसमोर मोकळं आवार असेल तर 'शक्य आहे' असं लिहावं लागेल, आणि सात-आठ वर्षांपूर्वीची तारीख असलेली ती फळी रोज येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत राहील. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकायला मग वेगळा पुरावा शोधावा लागणार नाही, फळीचा फोटो जोडला की पुरे.